झुंबरग्रहाच्या लिपीचे संवर्धन

हे सगळं घडलं ते २०२३ साली, एप्रिल आणि मे महिन्यात. वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या अलीकडे एका वाडीतल्या गोठ्याची भिंत त्या साली आंतरग्रहीय वारसा म्हणून जाहीर झाली. भिंत दगडमातीची, बावीस फूट लांब, दक्षिणेकडे तोंड केलेली. मालकीण ठकुबाई. जाहीर झाली त्या दिवशी भिंतीवर एकूण त्रेसष्ट गोवऱ्या होत्या.

'झुंबरग्रह' या चित्रपटत्रयीबद्दल वेगळं सांगायला नको. तिचे तिन्ही भाग ज्यांना पाठ नाहीत, त्यांना निदान पाठ असल्यासारखं वागता येतं. पडद्यामागच्या गोष्टी तर आता शाळकरी मुलंही सांगतात. यान परदेशी धातूचं होतं, आवाजासाठी जर्मनीहून यंत्र आणलं होतं, वगैरे. मी तिथे होते. भोरच्या शाळेत तेव्हा शिकवत असे आणि अक्षर चांगलं म्हणून १९८३ च्या उन्हाळी सुट्टीत मला कंटिन्युइटीची वही लिहायला घेतलं होतं. काल नायकाच्या डाव्या गालाला काजळी होती तर आजही ती डाव्याच गालाला आहे ना, हे पाहायचं आणि लिहायचं, एवढंच ते काम. म्हणून सांगते, यानाचा नियंत्रण कक्ष कामथडीच्या एका पिठाच्या गिरणीत होता. मालकाने गिरणी बंद ठेवायला नकार दिला. इंजिनाच्या ज्या गूढ घरघरीला पुढे पारितोषिक मिळालं, ती बाजरी होती. अंतराळवीरांची शिरस्त्राणं म्हणजे मासे ठेवायची काचेची भांडी. आत श्वास कोंडून नायक दोनदा आडवा झाला, आणि दिग्दर्शक रघुवीररावांनी ते दोन्ही वेळचं पडणं 'गुरुत्वाकर्षणातला बदल' म्हणून चित्रपटात ठेवून दिलं.

ग्रहावरच्या मंदिराची भिंत म्हणून त्यांनी ठकुबाईच्या गोठ्याची भिंत निवडली. ठकुबाई तेव्हा एकोणीस वर्षांची, घरात नवी आलेली सून.

"भिंत रिकामी करून द्या," रघुवीरराव म्हणाले. "या ग्रहावर कुणाचीही वस्ती नाही."

"वस्ती न्हाई तर ही भित कुनी बांदली?" ठकुबाईने विचारलं.

याचं उत्तर शोधण्यातून रघुवीररावांचे पुढचे दोन भाग निघाले.

ठकुबाईने सकाळी भिंत साफ करून दिली. पण नायक दुपारपर्यंत शुद्धीवर येईना आणि शेण काही त्याच्यासाठी थांबत नाही. संध्याकाळी कॅमेरा लागला तेव्हा भिंतीवर सत्तावीस ताज्या गोवऱ्या होत्या. उन्हं उतरत होती. रघुवीररावांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "घ्या शॉट. कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी त्याच दृश्याचा उरलेला भाग घ्यायचा होता, म्हणून मी ओळी मोजून घेतल्या आणि तिने त्या मोडू नयेत म्हणून कबुलीदाखल वहीत ठकुबाईचा अंगठाही घेतला. १९८६ साली आणि पुन्हा १९८९ साली तीच वही घेऊन मी तिच्याकडे गेले आणि तिने तशाच ओळी थापून दिल्या. "आमच्या गवऱ्यांची लईच काळजी तुमाला," ती म्हणायची.

पुढे एका महोत्सवात कुणा तरुणाने रघुवीररावांना भिंतीवरच्या चिन्हांचा अर्थ विचारला. त्यांनी चष्मा काढून पुसला. उत्तर येत नसलं की ते चष्मा पुसत, हे युनिटमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मग म्हणाले, "काही गोष्टी ज्याच्या त्याने वाचायच्या असतात." तेव्हापासून लोक वाचू लागले. काही वर्षांत त्या लिपीला वर्णमाला आली, व्याकरण आलं, आणि गोवरीवरचा अंगठ्याचा ठसा ऱ्हस्व की दीर्घ यावरून चाहत्यांत दोन तट पडले. एका तटाचा प्रमुख पुण्याचा अद्वय. संगणकाच्या नोकरीत असलेला, अतिशय सज्जन मुलगा. त्याने या भाषेत आपल्या लग्नाची पत्रिका छापली होती. मुलीकडचे वेगळ्याच तारखेला आले.

पहिल्या भागाला चाळीस वर्षं झाली म्हणून चित्रीकरणस्थळांच्या संवर्धनाची एक योजना निघाली. तालुक्याला एक स्थळ. वेल्ह्यासाठी मंदार साहेब नेमले गेले. त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीसमोर दोरी बांधली आणि बारा नियमांचा फलक लावला. चौथ्या नियमानुसार भिंतीवरील चिन्हांना हात लावायला, ती काढायला किंवा त्यांत भर घालायला मनाई होती.

ठकुबाईच्या सुनेने, रत्नाने, मला फोन केला. "बाई, तुमी या. ह्यास्नी तुमच्याशिवाय कुनी सांगू शकत न्हाई."

ठकुबाईला मान नको होता, नाव नको होतं. तिला भिंत हवी होती. वाडी डोंगराच्या कुशीत, त्या भिंतीवर पडतं तेवढं ऊन दुसरीकडे कुठे पडत नाही. गॅस होता, पण पावसात सिलिंडरची गाडी वर येत नाही. मृगाच्या आत जळण वाळलं नाही, तर चार महिने सकाळचा चहासुद्धा शेजारणीच्या चुलीवर. आणि शेजारणीशी ठकुबाईचं तेरा वर्षं बोलणं नव्हतं.

मी मंदार साहेबांसमोर वही उघडली. पान सतरा. "गोवऱ्या: पहिली ओळ अकरा, दुसरी नऊ, तिसरीत सात, पैकी एक घसरलेली." खाली अंगठा.

त्यांनी पान दोनदा वाचलं. मग खिशातून रुमाल काढून हात पुसले. "बाई, हे काय आहे याची आपल्याला कल्पना आहे?"

"गोवऱ्यांची मोजदाद."

"या लिपीचं हे जगातलं पहिलं लेखी वर्णन आहे."

"त्यात 'गोवऱ्या' असं लिहिलंय, साहेब."

"त्या काळच्या अभ्यासकांची परिभाषा वेगळी असू शकते," ते नम्रपणे म्हणाले आणि वही काचेच्या पेटीत ठेवून त्यांनी पेटीला कुलूप लावलं. मला पोचपावती मिळाली.

मेच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवरच्या गोवऱ्या सुकून पडू लागल्या. गोवऱ्यांचा तो स्वभावच आहे, पण अहवालात त्याची नोंद 'लिपीचा ऱ्हास' अशी झाली. तातडीने लिपी पुनर्लेखनाचा निर्णय झाला.

"म्या थापते की," ठकुबाई म्हणाली. तिचा चेहरा महिन्यात पहिल्यांदा उजळला. "तवाबी म्याच थापल्या हुत्या."

"आजी, तुमचा उत्साह कौतुकास्पद आहे," मंदार साहेब म्हणाले. "पण लिपी लिहिणाऱ्याला लिपी यायला हवी. परीक्षा द्यावी लागेल."

परीक्षक म्हणून अद्वय आला. परीक्षा प्रात्यक्षिक होती, एका फळीवर. समोर घमेलं.

"पहिला प्रश्न. 'शांती' लिहा."

ठकुबाईने घमेल्यात हात घातला आणि फळीवर सपकन एक गोवरी थापली. अद्वयने कोनमापक लावून पाहिलं.

"आजी, ही 'शांती' नाही. ही 'मोहीम' झाली. अंगठा उजवीकडे गेला."

"लेका, म्हशीनं काल वल्ला चारा खाल्लाय. घसरनारच."

"व्याकरणात चाऱ्याला सवलत नाही."

"मग तू थापून दाव."

"मी अभ्यासक आहे, आजी. मी हात घालत नाही."

"खरं हाय," रत्ना म्हणाली. "हात घालनाराला वाचायला सवड कुठं?"

ठकुबाईला शंभरात चौदा गुण पडले. त्यातले पाच वेळेवर आल्याबद्दल. शेरा होता, "हस्ताक्षरात स्थानिक छटा. मूळ भाषेचा संस्कार नाही." पद रिक्त राहिलं आणि भिंतीसमोरची दोरी तशीच.

दरम्यान गोठ्याच्या शेजारी, ठकुबाईच्या खळ्याच्या जागेवर, माहिती केंद्र उभं राहिलं. मंदार साहेबांचं कार्यालयही त्यातच, आणि माझ्या वहीची पेटीही. इमारत छान झाली होती. पांढरी शुभ्र, आणि तोंड दक्षिणेला, कारण पर्यटकांना फोटोसाठी ऊन हवं. इकडे दोन म्हशी आणि एक रेडकू महिनाभर आपलं काम चोख करत होते. उकिरडा दारापर्यंत आला होता.

मेचा तिसरा शनिवार. मंदार साहेब दहाला आले तेव्हा केंद्राच्या पांढऱ्या भिंतीवर चौतीस गोवऱ्या होत्या आणि रत्ना नळावर हात धूत होती. मी ठकुबाईच्या पडवीत बसले होते.

"हे कुणी केलं?" साहेब ओरडले.

"म्या," रत्ना म्हणाली.

"शासनाच्या भिंतीवर?"

"त्या भितीला हात लावायचा न्हाई आसं फलकावं लिवलंय. ह्या भितीचं कायबी लिवलेलं न्हाई. बाईंकडनं दोनदा वाचून घेतलं."

मी मान हलवली. वाचून दाखवलं होतं, ते खरं होतं.

साहेबांनी पंचनाम्यासाठी फोन लावला. पण पंच यायच्या आधी अद्वय आला, चाळीस चाहत्यांची सहल घेऊन. तो फाटकात थबकला. त्याने पायातले बूट काढले.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "मागे या. सावकाश. भिंतीकडे पाठ करू नका."

मग त्याने वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते, डोळे भरून आले होते. "चौथा… चौथा आरंभ," तो म्हणाला. चाळीस जणांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की रेडकू दावं तोडून पळालं. 'झुंबरग्रह'चा चौथा भाग येतोय! फोटो तिथूनच जगभर गेले.

"अहो, ते शेण आहे!" मंदार साहेब किंचाळले. "या बाईने आत्ता थापलंय! माझ्यासमोर हात धुतले तिने!"

एवढ्या दिवसांत त्या कार्यालयाच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य. अद्वयने त्यांच्याकडे करुणेने पाहिलं.

"साहेब, चाळीस वर्षं लोक हेच म्हणत आलेत."

त्यानंतर सगळं नियमाप्रमाणे झालं. सातवा नियम सांगत होता की जिथे लिपी आढळेल त्या भिंतीसमोर तीस फुटांच्या आत माणूस किंवा जनावर जाणार नाही. कार्यालयाचं दार त्याच भिंतीत, त्यामुळे साहेबांना आत जाता येईना. नियम शिथिल करायचा तर आदेश हवा, आदेशाला शिक्का हवा आणि शिक्का कार्यालयात. त्यांनी वर कळवलं की हे शेण आहे. वरून उत्तर आलं की दुपारपर्यंत दोन लाख लोकांनी दाद दिली असून अशा वेळी अधिकाऱ्याने वैयक्तिक मतं मांडू नयेत. सोबत सूचना होती, तालुक्याला स्थळ एकच मंजूर असल्याने दोहोंपैकी सुस्थितीतलं स्थळ कायम ठेवून दुसरं यादीतून कमी करावं.

सुस्थितीतली भिंत अर्थातच शासनाची होती. सिमेंटची.

त्याच संध्याकाळी गोठ्यासमोरची दोरी सुटली. साहेबांनी ती स्वतः सोडली, आणि तीस फूट मोजून आपल्या कार्यालयासमोर बांधली.

"आता बसू कुठे?" ते दोरीचं टोक हातात धरून म्हणाले.

"हितं बसा की पडवीत," ठकुबाई म्हणाली. "म्हशीची काय हरकत न्हाई. रत्ने, सायबांना च्या टाक."

ती मात्र बसली नाही. घमेलं उचलून भिंतीकडे गेली. मृगाला तेव्हा अठरा-वीस दिवस उरले होते. रोज सकाळी सपक् सपक् आवाज यायचा आणि पडवीत साहेब एकेका आवाजाला डोळे मिटायचे. पण त्या भिंतीकडे आता कुणी पाहत नव्हतं. ती जुनी झाली होती. ऊन कडक पडलं, जळण वाळलं आणि पावसाच्या आत ठकुबाईने वर्षाची रास रचून वर पेंढा घातला.

पुढे काय झालं तेही सांगून टाकते. मंदार साहेबांची वर्षभराने बढतीवर बदली झाली. निरोप समारंभही पडवीतच झाला, शिक्का अजून आत आहे. अद्वय झुंबरभाषेचे ऑनलाइन वर्ग घेतो. दुसऱ्या तटाची एक मुलगी त्याच्या वर्गात शिकते, म्हणजे समेट होईल असं दिसतंय. रघुवीरराव हे सगळं व्हायच्या आधीच गेले. त्यांच्या नावाने आता एक व्याख्यानमाला चालते, विषय 'हेतुपूर्वक योजलेले तपशील'. माझी वही काचेच्या पेटीत, म्हणजे दोरीच्या पलीकडे. मी ती पाहायला अर्ज केला तेव्हा ओळख पटवण्यासाठी त्याच वहीतल्या हस्ताक्षराचा नमुना मागितला. ठकुबाईची तब्येत ठणठणीत आहे. शेजारीण एकदा काड्यापेटी मागायला आली, तेव्हा दोघी बोलल्या म्हणतात.

रत्नाचं मात्र बरं चाललंय. शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांना ती गोठ्याच्या भिंतीवरचं एक एक अक्षर देते, लाकडी चौकटीत, काच लावून. मागे अद्वयची सही. मागच्या दिवाळीत तुम्हीही एक नेलंत. दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर लावलंत आणि पाहुण्यांना सांगता की याचा अर्थ 'अनंत'. छान दिसतं, मी पाहिलंय. जुलैमध्ये टीव्हीमागच्या भिंतीला वास येतो म्हणून तुम्ही प्लंबरला दोनदा बोलावलंत, तेवढं आता थांबवा. पाइप कुठेही गळत नाहीये.