टिपणिसांची दुसरी बाही

टिपणीस इतर दिवशी कोट खुंटीला टांगत, पण सोमवारी मात्र दिवसभर अंगावर ठेवत. ठाण्यात मे महिन्यातसुद्धा! एकदा त्यांच्या कोटावर चहा सांडला, आम्ही बळेच तो काढायला लावला, तेव्हा कळलं. आतल्या निळ्या शर्टाला एकच बाही होती.

आमची कचेरी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची. बेकारांची नावं कार्डावर लिहायची, कुणाला नोकरीवर धाडायचं, कुणाला काही शिकायला. शिकायला धाडण्याचं टेबल टिपणिसांचं, आणि त्यांचं पालुपद एकच, "आधी मी बसतो." सुतारकामाचा वर्ग निघाला की हे रजा टाकून स्वतः रंधा मारायला जाणार. वर्ग बरा आहे अशी खात्री पटली की हातातलं काम अर्धं टाकून परत. त्यांच्या डोंबिवलीच्या खोलीत तीन पायांचं स्टूल होतं आणि कडी नसलेली बादली होती. त्यावरून आम्ही निदान करून टाकलं, शिवणवर्गाची खात्री एका बाहीतच पटली असणार. वर्षभर तो विनोद आम्हाला पुरला.

मग कल्याणच्या बायकांच्या शिवणवर्गाने नव्या तुकडीसाठी नावं मागवली. आमच्याकडे सुशीलाबाई म्हात्रे नाव नोंदवून बसल्या होत्या. नवरा गेलेला, पदरी दोन मुली. आठ महिने खेपा घालत होत्या. दर वेळी विचारायच्या, "सायेब, माजं काय झालं?" नावं शनिवारपर्यंत पोचायला हवी होती. मी सोमवारीच यादी टाईप करून टिपणिसांपुढे सहीला ठेवली.

"आधी मी बसतो," ते म्हणाले.

"अहो, बायकांचा वर्ग आहे तो."

"असू दे की. टाका तो टाकाच."

वर्गाच्या बाईंनी त्यांना दारातच अडवलं. गृहस्थ हटला नाही. खिडकीखालच्या पायरीवर बसून, आत चाललेलं ऐकत, काजं करायला लागला. तिसऱ्या दिवशी तर बाई आतूनच बजावू लागल्या, "खिडकीतले, टाका मोठा पडतोय." तिथल्या शिपायाने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं, पण त्याहून जास्त संताप आला. तिकडे एका बाईच्या पोटाचा प्रश्न आणि हे काजं शिकतायत!

शुक्रवारी परत आले, पण सही करीनात.

"वर्गात मशिनी अकरा, यादीत बायका बारा. बारावी सुशीलाबाई. ती नुसती बघत बसणार. बघून काही येत नाही हो, मी बसून आलोय."

"मग नाव कापू का तिचं?" माझा आवाज चढलाच.

त्यांनी यादी उचलून पिशवीत टाकली. मग म्हणाले, "उद्या सकाळी घरी याल? मला एकट्याला उचलवणार नाही."

गेलो. त्यांनी कोपऱ्यातल्या हातमशीनवरची चादर काढली. सुईखाली एक निळी बाही तशीच अडकलेली होती.

"हिचं मशीन," टिपणीस म्हणाले. "सोमवारी माझा शर्ट शिवत होती. एक बाही लावून झाली, दुसरी घेतली आणि म्हणाली, जरा पडते. ती उठलीच नाही. तीन वर्षं झाली, मी या कचेरीत यायच्या आधी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सुई वर घेतली, बाही अलगद सोडवली, घडी करून खिशात ठेवली. "हं, धरा," म्हणाले.

कल्याणला मशीन वर्गात ठेवलं आणि टिपणीस बाईंना म्हणाले, "हे बाराव्या बाईचं. चाक जरा जड आहे, सांगा तिला. आमची ही हलक्या हाताने फिरवायची." मग त्यांच्या त्या पायरीवर बसून यादीवर सही केली.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी टिपणीस आले आणि त्यांनी कोट खुंटीला टांगला. शर्टाला दोन बाह्या होत्या. एक धुऊन धुऊन विटलेली, दुसरी गडद निळी.

"बाराव्या बाईनेच लावून दिली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सुशीलाबाईंचं कार्ड काढा. नोकरी लागली, असा शेरा मारा. शिंप्याचं दुकान आहे, कल्याणात. माणूस भला आहे, मी आधी बसून आलोय."