वाघाचं मावंदं

प्रवासाचे तीन भाग असतात : निरोप, प्रवास आणि वर्णन. पैकी पहिला आणि तिसरा अनिवार्य असून दुसरा ऐच्छिक आहे. हे तत्त्व कुठल्याही ग्रंथात सापडत नाही, कारण ग्रंथ लिहिणारी माणसं बहुधा घरीच बसलेली असतात. पण एरंडोलच्या आधार नानांच्या बाबतीत ते इतकं निर्विवाद सिद्ध झालं, की त्याची नोंद न करणं म्हणजे कर्तव्यात कसूर होईल.

आधार नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तालुक्यातला एकूण एक बांध त्यांनी पाहिला होता आणि बांधापलीकडचं काहीच पाहिलं नव्हतं. यात त्यांना कमीपणा वाटायचं कारण नव्हतं. तो वाटायला लागला धुळ्याच्या देवचंदभाऊंमुळे. देवचंदभाऊ म्हणजे नानांचे व्याही, लेकीचे सासरे. ते सहा वर्षांपूर्वी बद्रीकेदारला गेले आणि तिथून अजून परत आलेच नाहीत म्हणा ना. बारसं असो की दहावा, देवचंदभाऊ बर्फापासून सुरुवात करत, गरम पाण्याच्या कुंडात उतरत आणि सहा बोटांच्या साधूपाशी येऊन थांबत. या साधूनं म्हणे त्यांच्या डोक्यावर हात ठेवून ‘घर जा बेटा, तेरा काम हो गया’ असं सांगितलं होतं. (धुळ्याच्या माणसाला हिंदी समजतं हे साधूला कसं कळलं, हा प्रश्न सहा वर्षांत कुणीही विचारला नाही.) मुलीच्या बापानं हे ऐकायचं असतं. लग्नाच्या याद्या करताना ते लिहून घेत नाहीत एवढंच.

नानांची इच्छा फार मोठी नव्हती. एकदा, फक्त एकदा, आपण बोलावं आणि देवचंदभाऊंनी ऐकावं. वय झालं की इच्छा लहान होत जातात, आणि लहान इच्छा जास्त छळतात.

अशा मनःस्थितीत त्यांना ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ‘वनकेसरी सफारी’ची जाहिरात दिसली. कंपनी जळगावच्या बन्सीलालची. बन्सीलाल मूळचा लग्नाच्या वऱ्हाडांना बस पुरवणारा. पण वऱ्हाडी आणि वन्य प्राणी यांना सांभाळण्याचं तंत्र एकच आहे, हे ओळखण्याइतका तो दूरदर्शी होता. मध्य प्रदेशातलं कान्हाचं जंगल, राहणं-जेवण, हत्तीवरून फेरी आणि वाघ ‘हमखास’. काशीला काय, कुणीही जातं. वाघाकडे एरंडोलातून कुणी गेलं नव्हतं. नानांनी स्वतःचं आणि बायकोचं, द्रौपदाबाईंचं, नाव नोंदवलं. त्यांचं बघून आणखी नऊ जणांनी नोंदवलं.

निरोप थाटात झाला. एस.टी. स्टँडवर बँड होता. अकरा जणांना मिळून सतरा टॉवेल, चौदा टोप्या आणि नारळ एवढे, की कंडक्टरनं त्यांचं लगेजचं तिकीट फाडायची भाषा केली. रडणारे चार. (पैकी एकजण दुसऱ्याच गाडीला आलेल्यांसाठी रडत होता, तो नंतर वजा करण्यात आला.) सरपंचांनी भाषणात ‘आपले नाना वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवून येतील’ असं जाहीर केलं. नानांनीही शब्द दिला, की परत आल्यावर अख्ख्या गल्लीला वरण-बट्टीचं मावंदं घालीन. मावंदं म्हणजे यात्रा सफळ झाल्याचं जेवण. ते देवाच्या यात्रेचं घालतात. वाघाच्या यात्रेचं घालू नये असं कुठं लिहिलेलं नाही. मावंद्याला व्याही येणारच होते.

जळगावला बन्सीलालच्या ऑफिसात पोचल्यावर कळलं की सफारी रद्द झाली आहे.

कारण साधं होतं. त्या दिवशी लग्नाची तीथ दाट होती. नरडाण्याच्या एका पार्टीनं बस मागितली, आणि जुनं गिऱ्हाईक मोडणं बन्सीलालच्या तत्त्वात बसत नव्हतं. पुढची सफारी पावसाळा सरल्यावर. इथपर्यंत सगळं रिवाजाप्रमाणेच झालं. पण यानंतर बन्सीलालनं जे केलं ते प्रवासी व्यवसायाच्या इतिहासात कलंक म्हणून ओळखलं जाईल. त्यानं सगळ्यांचे पैसे काढून टेबलावर ठेवले आणि हात जोडले.

अकरा जण त्या पैशांकडे साप पाहावा तसे पाहत राहिले. पैसे घेतले म्हणजे प्रवास झाला नाही, हे मान्य केलं. आणि प्रवास झाला नाही, तर संध्याकाळच्या गाडीनं सतरा टॉवेल खांद्यावर टाकून त्याच स्टँडवर उतरायचं? आहेर परत करता येत नाही. बँडवाल्याला उलटं वाजवायला सांगता येत नाही. आणि आठवड्यात ही बातमी धुळ्याला पोचली, की देवचंदभाऊ सहानुभूती दाखवणार. नानांना सगळं चाललं असतं, ती सहानुभूती नको होती.

‘‘आमले पैसा नको, बन्सीलाल,’’ नाना म्हणाले. ‘‘वाघ दे.’’

बन्सीलाल म्हणाला, वाघ त्याच्या हातात नाही, पैसे आहेत. नाना म्हणाले, मग आम्ही ग्राहक मंचात जाऊ. बन्सीलालनं नम्रपणे विचारलं, की तक्रारीत काय लिहिणार. यावर बराच खल झाला. ‘सदर इसम मागणी नसताना पूर्ण रक्कम परत करीत असून त्यास तसे करण्यापासून रोखावे’ असा मसुदा नानांनी तोंडी सांगितलासुद्धा. चाळीस वर्षं लोकांच्या बांधाची भांडणं मिटवलेल्या माणसाला त्यातली अडचण शेवटच्या ओळीला लक्षात आली.

द्रौपदाबाई कोपऱ्यात पिशवीवर बसल्या होत्या. ‘‘घर काय सांगसूत, ते ठरावा पहिले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मंग भांडा.’’

तेव्हा तडजोड झाली. उभय पक्षी असं ठरलं, की सफारी झाली आहे असं समजण्यात यावं. पैसे बन्सीलालकडेच राहतील आणि त्यातून तो अकरा जणांना सफारीचे सगळे दिवस स्टेशनामागच्या धर्मशाळेत ठेवील, जेवणखाण त्याचं, परतीच्या दिवशी धुरळ्यानं माखलेल्या जीपमधून एरंडोलला सोडील. (धुरळा तांबडा असावा, ही अट नानांची. माती ओळखण्यात त्यांची हयात गेली होती.) वाघाचा तपशील उभय पक्ष मिळून ठरवतील. फोटोचं विचारलं तर रोल जळाला. हे शेवटचं कलम ऐकून सगळ्यांनाच हायसं वाटलं, कारण प्रत्येकाच्या घरी असा एखादा जळालेला रोल होताच.

धर्मशाळेत मात्र हाल झाले. निम्मं एरंडोल दवाखाना, कोर्ट आणि कापड यांसाठी जळगावला येतं, त्यामुळे बाहेर पडायची सोय नाही. खिडक्या लावून अकरा माणसं दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत होती. रस्त्यावरची पोरं दाराच्या फटीतून त्यांना बघून जात.

वाघ ठरायलाही वेळ लागला. पहिल्या दिवशी वाघ दहा होते. कुणाचा डावीकडून आला, कुणाचा उजवीकडून, एकाचा झाडावर बसला होता. (तो बिबट्या ठरवून फेटाळण्यात आला.) अखेर मतदानानं एक वाघ मंजूर झाला : सकाळची वेळ, ओढ्याकाठी, डावीकडून उजवीकडे, मध्ये एकदा थांबून नानांकडे पाहिलं. द्रौपदाबाई तटस्थ राहिल्या. खोटं बोलणार नाही, त्या वेळी आपण झोपलो होतो एवढंच सांगू, असं त्यांनी बजावलं. नाना आधी चिडले, पण बन्सीलालनं समजूत घातली. सगळ्यांनाच दिसलेल्या वाघावर कुणी विश्वास ठेवत नाही. एकाला तरी झोप लागलेली बरी.

वाघ मंजूर झाला त्या संध्याकाळी धर्मशाळेचा व्यवस्थापक वना चहा घेऊन आला. पिकली दाढी, कपाळाला गंध, आणि डाव्या हातात सहा कप. एका हातात सहा कप कसे राहतात म्हणून नानांनी नीट पाहिलं. प्रत्येक कपाला एक बोट होतं.

नानांनी चहा घेतला नाही. त्यांनी वनाला विचारलं, की इथे पूर्वी कुणी असं राहून गेलंय का.

‘‘राहतस ना,’’ वना म्हणाला. ‘‘बद्रीकेदारले धुळाना देवचंदभाऊ याच खोलीमा व्हतात. जावाना दिवस मीच सांगं त्यास्ले, आते घर जा, तुम्हनं काम व्हई गयं.’’

नाना रात्रभर आढ्याकडे बघत हसत होते. सहा वर्षांचा बर्फ एका वाक्यात वितळवता येणार होता. चारचौघांत, मावंद्याच्या पंगतीत, व्याह्यांच्या तोंडावर. पहाटे कधीतरी त्यांच्या ध्यानात आलं, की त्या वाक्यानंतर देवचंदभाऊ एकच प्रश्न विचारतील : तुम्हाला कसं कळलं? मग त्यांचं हसू थांबलं. त्यांना फार एकटं वाटलं, आणि वाटायला नको तरी देवचंदभाऊंबद्दल थोडी मायाही वाटली.

मावंदं ठरल्याप्रमाणे झालं. तांबड्या धुरळ्यानं गल्ली आधीच जिंकली होती. द्रौपदाबाईंनी बायकांत ‘‘मी झोपेल व्हतू, माय’’ एवढंच सांगितलं आणि वाघ शंभर टक्के खरा झाला. पंगतीत देवचंदभाऊ नानांच्या शेजारी बसले. बट्टीत तूप पडलं, आणि नानांनी सुरुवात केली. ओढा आला, पाखरं गप्प झाली, वाघ डावीकडून निघाला, थांबला, नानांकडे पाहिलं. पन्नास माणसं घास हातात धरून ऐकत होती. फक्त देवचंदभाऊ जेवत होते.

‘‘नाना,’’ ते म्हणाले, ‘‘एक इचारू का?’’

नानांनी हातातली बट्टी खाली ठेवली. जन्मात एकदा आलेली बोलायची पाळी, ती आता जाणार होती. मग काय सुचलं कोण जाणे, व्याह्यांकडे न बघताच ते म्हणाले, की आधी फॉरेस्टच्या चौकीदाराचं ऐका. भला माणूस, रोज चहा द्यायचा, आणि त्याच्या हाताला बोटं होती सहा.

देवचंदभाऊंचा घास थांबला. वाढपीही थांबला. देवचंदभाऊंनी हळू आवाजात विचारलं, ‘‘डावा हातले?’’

‘‘डावाच.’’

देवचंदभाऊंनी पाण्याचा घोट घेतला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘‘नानास्नी वाघ देखा. मी साक्षी शे.’’

आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच ते गप्प बसून ऐकू लागले. तेव्हापासून दोन्ही व्याह्यांत इतकं प्रेम आहे, की लेकीच्या सासरी नानांना आता पहिला पाट मिळतो. बन्सीलालचीही भरभराट झाली. त्यानं सफारीसाठी बस ठेवणंच सोडलं. सगळ्या बसा लग्नाला, सगळे प्रवासी धर्मशाळेला, आणि तक्रार एकही नाही. आता त्याच्याकडे काश्मीर आणि रामेश्वरही आहे.

हे वाचून काही वाचक हसले असतील. त्यांचं स्वागत आहे. काही वाचक मात्र सहा बोटांपाशी जरा थबकले, आणि बायको बघत नाही ना म्हणून त्यांनी हळूच मान वर केली. त्यांनी निर्धास्त असावं. वना कुणाचंही नाव कुणाला सांगत नाही. देवचंदभाऊंचं त्यानं नानांना सांगितलं, ते नाना आपल्यातलेच झाले म्हणून. आणि तुमचं त्यानं मला सांगितलं, तेही त्याच कारणानं.