एक नंबरचं पॅनेल आणि मास्तरांची कबुतरं

दोष शोधण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी अगदी परवापर्यंत चारचौघांत सांगत असे. कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणी खात्यात काढली. बायको म्हणते, "घरातही तेच खातं चालवलं." तिच्याकडे लक्ष देऊ नका.

निवृत्त झाल्यावर गच्चीवर सौर पॅनेल बसवली. एका ओळीत आठ. कोणतं पॅनेल किती वीज देतंय, ते दर पाच मिनिटांनी मोबाइलवर दिसतं. फक्त कुठलं पॅनेल कुठे आहे, तो नकाशा एकदा भरून द्यावा लागतो. बसवणारा म्हणाला, "मी भरतो, काका." मी म्हटलं, "राहू दे, त्यात माझी हयात गेलीय."

पहिल्या रविवारी गच्चीच्या टोकाला खुर्ची टाकली, बागेतली छत्री उभी केली आणि चहा घेत पॅनेलांकडे कौतुकाने बघत बसलो. संध्याकाळी आलेख पाहतो तर एक नंबरच्या पॅनेलला चार ते पाचच्या मध्ये हा मोठा खड्डा! नकाशात एक नंबर होतं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, टेलरमास्तरांच्या भिंतीलगत. आणि त्या भिंतीवर मास्तरांची चौदा कबुतरं.

मास्तर आमचे शेजारी. एकटेच राहतात. दुकान बंद केल्यापासून कबुतरं हाच त्यांचा गोतावळा. चार वाजले की ढाबळीचं दार उघडायचं, दाणे टाकायचे आणि एकेकाची विचारपूस करायची.

"बघ, बरोबर चार वाजता," मी बायकोला म्हटलं.

"पण पॅनेलवर कबुतर बसलेलं पाहिलंत का तुम्ही?"

"आलेख पाहिला ना!"

दुसऱ्या दिवसापासून पहारा सुरू केला. रोज चार ते पाच तीच खुर्ची, तीच छत्री, हातात वही. आणि रोज चार ते पाच खड्डा. मध्ये दोन दिवस तापाने अंथरुणात होतो, तेव्हा नेमका खड्डा नाही. वहीत शेरा मारला : 'कबुतरं सावध झाली.' इतका पक्का पुरावा मला नोकरीतही कधी मिळाला नव्हता.

महिनाभराचे आलेख छापून मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट करून पाहिले आणि घडी घालून परत दिले.

"मला यातलं काही कळत नाही, भाऊ. पण तुम्ही एवढं मोजून आणलंय म्हणजे खरंच असणार. माझ्या पाखरांपायी तुमचं नुकसान नको."

"सगळीच द्या असं नाही म्हणत मी," मी तोंडदेखलं बोललो.

"अर्धी दिली तर जोड्या मोडतील," मास्तर म्हणाले.

रविवारी त्यांचा भाचा गावाहून टोपल्या घेऊन आला. मास्तर एकेका कबुतराच्या पाठीवरून बोट फिरवून ते त्याच्या हाती देत होते. मी गच्चीवरून मोजत होतो. चौदा भरली.

सोमवारी मी विजयी मुद्रेने छत्रीखाली बसलो. चार वाजले आणि खड्डा पडला.

"एखादं लपवून ठेवलं असेल त्यांनी," मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की अजून मान खाली जाते.

माझी मुलगी माहेरी आली होती. ती पॅनेलांखाली वाकून बघायला लागली.

"बाबा, एक नंबर तुमच्या शेजारचं आहे. मागे आकडा लिहिलाय. नकाशा उलटा भरलाय तुम्ही."

"शक्य नाही. जिन्याकडे तोंड करून नीट भरलाय."

"बसवणाऱ्याने जिन्याकडे पाठ करून नंबर घातलेत. आणि या पॅनेलवर सावली कसली आहे, सांगा बघू."

मी वर पाहिलं. मग मुकाट्याने छत्री मिटली. पाच मिनिटांत पॅनेल एखाद्या शहाण्या मुलासारखं इतरांच्या बरोबरीने वीज देऊ लागलं.

"ताप होता तेव्हा तुम्ही वर आला होतात का?" तिने विचारलं. मी खुर्ची उचलून खाली आलो.

हिंमत गोळा करायला दोन दिवस लागले. 'मास्तर, दोष माझा होता, कबुतरं परत आणू या,' हे वाक्य पाठ करून मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"या, या. तुमच्याकडेच निघालो होतो," मास्तर म्हणाले. "आता तो खड्डा पडत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मग चीज झालं पाखरं दिल्याचं." त्यांनी आतून एक भलीमोठी छत्री आणली. जाड कापड, दुहेरी शिवण, कडेला झालर. "माझ्यामुळे महिनाभर उन्हात बसलात. तुमची ती छत्री फारच लहान होती. हिचा दांडा ढाबळीच्या लाकडाचा केलाय. रिकामी ढाबळ बघवेना, म्हणून मोडून टाकली."

"शिवण छान झालीय," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

कबुली मी देणारच आहे. उद्या. गेले अकरा दिवस मी उद्याच देणार आहे.