मास्तरांचा वर गेलेला हात

आमच्या उतेकरमास्तरांना कुणीही काहीही परस्पर सुरू केलेलं चालत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप होतं, श्लोक म्हणून होतो, माणसं वरणभाताला हात घालणार, तेवढ्यात पंगतीच्या टोकाला मास्तरांचा हात वर जातो. मग ते डावीकडे बघणार, उजवीकडे बघणार, कुणाच्या पानात मीठ पडायचं राहिलंय का ते बघणार, आणि मग हात खाली. तेव्हा कुठे गाव जेवायला लागतं. नवे जावई गोंधळतात. सवयीची माणसं मात्र घास हातात धरून शांतपणे वाट बघतात, कारण मधेच कुणी भुरका मारला तर मास्तर सगळ्या पंगतीला घास खाली ठेवायला लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

माझं पोलादपूरच्या बाजारात औषधांचं दुकान आहे आणि घर वर गावात, मास्तरांच्या घराला लागून. सकाळी माझा कुकर शिट्टीला आला की मधल्या कुडाच्या भिंतीपलीकडून हाक येते, "वैनी, घाई करतोय तो! तिसरी जरा दमानं येऊ दे!" कुकर माझं ऐकत नाही, तो यांचं काय ऐकणार? पण हल्ली मी गॅस बारीक करते खरी.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. मुंबईत एका मोठ्या सभागृहात ते रंगमंचावर खुर्च्या मांडायच्या कामाला होते. तिथे अधूनमधून विलायती पद्धतीचा मोठा वाद्यवृंद यायचा आणि पडद्याआडून मास्तर तो चालवणाऱ्या माणसाकडे बघत राहायचे. स्वतः काही वाजवत नाही, लोकांकडे पाठ करून उभा राहतो, नुसती काडी हलवतो, आणि शेवटी फुलांचा गुच्छ त्यालाच! "तवाच ठरवलं," मास्तर सांगतात, "गावी गेलो का ह्येच करायचं." निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी देवळात उभं राहून जाहीर केलं की मी आता वाद्यवृंदाचा कंडक्टर. कुणीतरी अगदी निरागसपणे विचारलं, "कुठल्या डेपोला?"

पण मास्तर हटणारे नव्हते. त्यांनी कारवीची एक काठी तासून काडी केली आणि गावात जे वाजतं ते सगळं गोळा केलं. खालूबाजावाल्यांची सनई आणि ढोल, भजनी मंडळाच्या दोन पेट्या आणि मृदंग, शाळेच्या बँडातला बिगुल, मुंबईकर पोरांचे कीबोर्ड. या सगळ्यांचा सूर जुळवणं म्हणजे सासू-सुना-नणंदांना एका चुलीवर बसवणं. पहिल्या तालमीनंतर देवळामागच्या गोठ्यातली म्हैस दोन दिवस दूध देईना, असं तिची मालकीण अजून सांगते.

देवळाच्या भिंतीवर मास्तरांनी एक फळा लावला आहे. त्यावर बारा महिने खडूनं लिहिलेलं असतं: 'आगामी कार्यक्रम. मे महिना, देवीचा सभामंडप. त्यानंतर शिवथर. त्यानंतर महाड. त्यानंतर मुंबई. परदेश, बोलणी चालू.'

मी एकदा विचारलं, "मास्तर, परदेशाची बोलणी कुणाशी चालू आहेत?"

"अजून कुणाशी नाय," ते म्हणाले. "पन मी तयार हाय. म्हंजे अर्धी बोलणी झालीच की."

बाकी अर्धी राहिल्यामुळे आजवर वाद्यवृंद सभामंडपाबाहेर गेलेला नाही. शिवथरला जायला टेम्पो ठरला होता, पण ढोल आणि ढोलवाला एकाच वेळी आत मावेनात.

खरा हंगाम मे महिन्याचा. मुंबईची बिऱ्हाडं आंबे-फणसांवर गावी येतात, बंद घरांची कुलपं निघतात, आणि मास्तरांचा उन्हाळी संगीत वर्ग सुरू होतो. या वर्गात सुरुवातीला वाद्याला हात लावायचा नसतो. नुसतं खुर्चीत बसायला शिकायचं. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर खडूनं नाव. ज्याची खुर्ची त्यानेच बसायचं, भाऊ असला तरी दुसऱ्यानं बसायचं नाही. मुंबईहून आलेली पोरं कंटाळून विचारतात, "अंकल, बजाना कब है?" मास्तर म्हणतात, "बसता येतंय का आधी? बसता आलं का मंग वाजतंय."

आणि जेव्हा वाजवायला मिळतं तेव्हाची तऱ्हा आणखी निराळी. मास्तर कुणालाही संपूर्ण चाल शिकवत नाहीत. एकाला सुरुवातीचा तुकडा, दुसऱ्याला मधला, तिसऱ्याला नुसता शेवटचा सूर. आमच्या आळीतली शेवंता यावरून त्यांच्या दारात भांडायला आली होती.

"मास्तर, पोरगी घरी पेटीवर नुसती पँ-पँ करते. येवढ्या दिवसांत येवढंच?"

"तिचं तेवढंच हाय गो."

"मंग बाकीचं कुठाय?"

"बाकीचं परशुरामाच्या पोराकडं हाय."

शेवंता पाय आपटत परत गेली. तिचं आणि परशुरामाचं बांधावरून इतकी वर्षं वाकडं होतं की एकाच्या कोंबडीनं दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकला तरी तंटा व्हायचा. पण पोरीची पँ-पँ दिवसभर ऐकून कान किटले, तेव्हा तिनेच पोरीला पेटीसकट बांधापलीकडे पाठवलं. दोघं मिळून वाजवायला लागली आणि पहिल्यांदा त्यातून चाल निघाली. त्या संध्याकाळी परशुरामाच्या बायकोनं शेवंताकडे फणसाचे गरे धाडले. बांध आहे तिथेच आहे, पण गरे दर वर्षी जातात.

वाद्यवृंदाची मुख्य रचना मास्तरांची स्वतःची. तिचं नाव 'घाट'. ढोल म्हणजे गाडीचं इंजिन, सनई म्हणजे वळणं, पेट्या म्हणजे गाडी लागणारी माणसं. चढ चढत चढत सगळे माथ्यावर पोचतात आणि एकदम थांबतात. संपूर्ण शांतता. मग झांजेचा एकच ठोका पडतो आणि सगळे मिळून उतरणीला लागतात.

ती शांतताच गेल्या वर्षी नडली. आमच्याकडे वाजवणं थांबलं म्हणजे संपलं, आणि संपलं की गजर. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं मात्र, मागून एक म्हातारबुवा ओरडले, "बोला पुंडलिक वरदेऽऽ!" भजनी मंडळाचा जन्म त्यात गेलेला. त्यांनी डोळे मिटून "हरि विठ्ठल" केलं, मृदंगावर थाप पडली, कुणीतरी आरती सुरू केली आणि बघता बघता प्रसादही वाटून झाला. मास्तर हात वर करून तसेच उभे होते. प्रसाद त्यांनी डाव्या हातात घेतला.

त्यानंतर गावकीची बैठक बसली. गावकीचे अध्यक्ष बाळारामदादा हे स्पष्ट बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "मास्तर, महाडला एक सर हायत. पंधरा दिवसांत अख्खं सिनेमाचं गाणं शिकवतात, वर सर्टिफिकेट देतात. लोकं मागं लागल्यात. येत्या मेमधी तुमचा कार्यक्रम धड पार पडला तर ठीक. नायतर पुढल्या सालापासून सभामंडप त्या सरांना."

मास्तर "बरं" म्हणाले आणि घरी आले. पुढचे कितीतरी दिवस कुडापलीकडून माझ्या कुकरला सूचना आली नाही. तेव्हा मला कळलं की माणूस घाबरला आहे.

यंदाच्या मेमध्ये सभामंडप खच्चून भरला. मी पुढेच बसले होते. मास्तरांनी लग्नातला काळा कोट घातला होता. तो त्यांच्या स्वतःच्या लग्नातला असल्यामुळे हात वर केला की काखेत उसवायचा. कार्यक्रम सुरू होणार इतक्यात माझ्या लक्षात आलं की एक खुर्ची रिकामी आहे. गणपतची.

गणपत महाडच्या औद्योगिक वसाहतीत केमिकल कंपनीत पाळीवर जातो. अख्ख्या 'घाटा'त त्याचा झांजेचा तो एकच ठोका, माथ्यावरचा. त्याचा फोन आला होता की पुढच्या पाळीचा माणूस उशिरा आला, आत्ताच सुटलोय, निघतोच.

बाळारामदादा उठून म्हणाले, "मास्तर, झांज दुसऱ्या कुणाकडं द्या. एक तर ठोका. कुणी पन मारील."

"त्याची खुर्ची हाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी काडी खाली आणली.

इंजिन सुरू झालं, सनई वळणं घेऊ लागली. शेवंताच्या पोरीची पँ-पँ आणि परशुरामाच्या पोराचा उरलेला भाग एकमेकांत असे बसले की मी टाळी वाजवणार होते, पण भीतीनं आवरली. गाडी माथ्यावर आली. मास्तरांचा हात वर गेला. सगळं थांबलं.

गणपतची खुर्ची अजून रिकामीच होती.

मास्तरांचा हात वरच. ढोलवाल्यानं टिपरू हवेत धरलेलं, बिगुलवाल्याचे गाल फुगलेले. मागे म्हातारबुवांनी श्वास घेतला, "बो...", एवढ्यात शेवंता मागे वळून कडाडली, "गप ऱ्हावा! हात वर हाय!" म्हातारबुवांनी तोंड मिटलं. एक बाळ रडायला लागलं, आईनं त्याला पदराखाली घेतलं. कुणीतरी कोकम सरबताचे पेले पुढे सरकवले आणि माणसं आवाज न करता प्यायली. बाळारामदादा खुणेनं "पुढं चला, पुढं चला" करत होते. मास्तर त्यांच्याकडे बघतच नव्हते. उजवा हात थकला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं त्याच्या कोपराला आधार दिला. काखेतली शिवण टरकन उसवली. एवढ्या लोकांत कुणी हसलं नाही. आमचं गाव एवढा वेळ गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग खालच्या वळणावर मोटारसायकल वाजली. फुटक्या सायलेन्सरची. सगळ्या गावानं ती ओळखली, तरी कुणी बोललं नाही. गाडी चढ चढली, देवळापाशी थांबली, आणि गणपत कंपनीच्या निळ्या कपड्यांत, पायात गमबूट, डोक्याला हेल्मेट, असा माणसांमधून वाट काढत आला. गमबूट दारात काढले. खुर्चीत बसला. झांज उचलली. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि हात खाली आणला.

झण्ण!

त्यानंतर उतरणीला 'घाट' लागला की आख्खा सभामंडपच लागला, ते मला सांगता येणार नाही. माणसं उभी राहिली, ढोलवाला रडत रडत वाजवत होता, म्हातारबुवांनी शेवटी पोटभर गजर करून घेतला. गणपतला खांद्यावर घेतला तेव्हा त्याचं हेल्मेट डोक्यावरच होतं. बाळारामदादा माईकवर म्हणाले, "सभामंडप मास्तरांचाच. आता ह्यावर बैठक नाय."

सगळे पांगल्यावर मास्तर एकटेच खुर्च्या एकात एक रचत होते. मी मदतीला गेले आणि मनात होतं ते विचारलं, "मास्तर, गणपत आलाच नसता तर? वर्ग हातचा गेला असता. एका ठोक्यासाठी कशाला एवढा हट्ट?"

ते हातातली खुर्ची धरून उभे राहिले.

"वैनी, मुंबईला मी येवढी वर्सं काढली. एकदा तापानं खोलीवर पडलो. लय दिवस. उठवत नव्हतं. बरा होऊन कामावर गेलो तर खुर्च्या मांडलेल्याच होत्या. कुणीतरी मांडल्या व्हत्या. कार्यक्रम झालं व्हतं. कुणी इचारलं पन नाय, कुठं व्हतास म्हणून. त्यांना ठाऊकच नव्हतं मी नव्हतो ते." खुर्ची त्यांनी ढिगावर ठेवली. "मंग म्हटलं, आपल्या गावाला असं नाय करायचं. कुणी एक जरी आला नाय, तर अडलं पायजे."

इतकी वर्षं कुडापलीकडे राहून मी या माणसाला नुसती हसत आले होते. पुढची खुर्ची उचलून मी ढिगावर ठेवली आणि विचारलं, "मास्तर, माझ्यासाठी काही आहे का हो? मला सूर-बीर काही कळत नाही."

मास्तरांचा चेहरा असा फुलला की बास. "घंटा हाय की! उतार सरतो तिथं. एकच टोल. पन तुमच्याशिवाय गाडी गावात शिरायची नाय."

येत्या मेमध्ये साताऱ्याला माझ्या भाचीचं लग्न निघालं आहे आणि तारीख नेमकी कार्यक्रमाच्या दिवशीची. बहीण फोनवर रागावली आहे, म्हणते एका घंटेसाठी कुणी सख्ख्या भाचीचं लग्न चुकवतं का? मी तिला म्हटलं, मुहूर्त सकाळचा धर, मी अक्षता टाकून निघते. उशीर झाला तर इकडे एक म्हातारा माणूस हात वर करून उभा राहील, आणि तो खाली घेणार नाही.