आधी हासा, मंग उठतो

रंगनाथअण्णा पडले की उठायचे नाहीत. साधा माणूस पडला तर इकडेतिकडे बघतो आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत कपडे झटकून चालायला लागतो. अण्णांचं सगळंच उलटं. राजूरला गणपतीच्या देवळासमोर त्यांचं नारळ-पेढ्यांचं दुकान, आणि मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. एका चतुर्थीला ऐन गर्दीत ते सांडलेल्या नारळपाण्यावरून घसरले आणि सपशेल उताणे झाले. लोक धावले. एका बाईने पदराने वारा घातला, एकजण जीप बघायला पळाला. अण्णा डोळे सताड उघडे ठेवून पडलेले. मी जवळ गेलो तसे हळूच म्हणाले, "मास्तर, हे लोक असे तोंडं पाडून काहून उभे राह्यले? आधी हासा म्हणा, मंग उठतो." मला हसू फुटलं, तेव्हा कुठे उठले. त्या वारा घालणाऱ्या बाईने माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलो नाही.

ही खोड फार्समुळे लागलेली. दर जत्रेत आमचा फार्स व्हायचा. अण्णा जावई, मी पडद्यामागे वाक्यं पुरवायला. जावई सासुरवाडीला येतो आणि जिथे बसेल तिथून पडतो. पाटावरून पडतो, बाजेवरून पडतो, खुर्चीवरून पडतो. शेवटी वैतागून जमिनीवर बसायला जातो आणि जमिनीवरूनही पडतो. आता जमिनीवरून माणूस पडतो कसा, हे मी कितीही सांगितलं तरी कळायचं नाही, ते बघावंच लागायचं. धोतराखाली गोधडीची घडी बांधून ते उभेच्या उभे मागे कोसळायचे. धप्प आवाज व्हायचा. मग सगळा मांडव हसून थकेपर्यंत तसेच पडून राहायचे.

"पडता कोनालाबी येतं, मास्तर," ते मला सांगायचे. "पडून राहता आलं पाह्यजे."

अख्ख्या पंचक्रोशीने बघितलेलं हे पडणं त्यांच्या बायकोने, अंजनावैनींनी, तेवढं बघितलं नव्हतं. नवऱ्याची चारचौघांत फजिती होताना बायकोने बघायचं नाही, असा अण्णांच्या आईचा दंडक. मांडव घराच्या मागेच पडायचा. वैनी घरात बसून धप्प ऐकायच्या, हशा ऐकायच्या, आणि शेवटचा हशा विरला की चुलीवर पाणी ठेवायच्या, नवऱ्याची कंबर शेकायला. वर्षानुवर्षं हेच. सासू गेली, आता बघू म्हणेस्तोवर वैनींची एक बाजू लुळी पडली आणि त्या बाजेला खिळल्या.

"मग घरातच दाखवा की पडून," मी एकदा म्हणालो.

"घरात पडलो तं ती भिऊन जाईल," अण्णा म्हणाले. "हासायला मांडव लागतो, माणसं लागतात."

पुढे गावोगाव केबल आली आणि कुठल्याशा नव्या वाहिनीला गावाकडचे फार्स हवेसे झाले. आम्हाला जालन्याला बोलावणं आलं. अण्णांनी लगोलग घरी टीव्ही आणला. "आता ती पडल्या जागी बघंल, मास्तर. बराबर बघंल." त्यांना दुसरं काही नको होतं. नाव नको, मानधन नको.

जालन्यात एका रिकाम्या मंगल कार्यालयात शूटिंग. दिग्दर्शक पोरगेलासा, पण तोरा बघा. कॅमेऱ्यात फुगवटा दिसतो म्हणून त्याने आधी गोधडी सोडायला लावली. मग सगळ्यांना तोंडं बंद ठेवायला सांगितलं. अण्णा नुसत्या फरशीवर धप्पकन पडले. कोणी हसेना. अण्णा उठेनात.

"काका, उठा की. पुढचं वाक्य घ्या."

"आधी हासा, मंग उठतो."

"हसणं आम्ही मुंबईत टाकतो, नंतर."

"तिथं कोन हासनार?"

"मशीन."

अण्णा कोणी न हसताच कंबर धरून उठले. मग कॅमेरा त्यांच्या तोंडाजवळ आणला, आणि दिवसभर तेच. "चेहरा मस्त होता काका, पण परत एकदा." शेवटी अण्णा म्हणाले, "सायेब, चेहऱ्याचं काय घेऊन बसले? माझं सगळं कंबरेत हे." तेव्हा दिग्दर्शक हसला. त्या दिवशीचं तेवढंच एक हसू. परतताना एसटीत जागा असून अण्णा राजूरपर्यंत उभे राहिले, कारण त्यांना बसवत नव्हतं.

रविवारी दुपारी फार्स लागला. वैनींची बाज टीव्हीसमोर ओढली, पाठीला उशा दिल्या. खोलीत आम्ही तिघंच. पडद्यावर अण्णांचं तोंड आलं, भलंमोठं. ते तोंड घाबरलं आणि खाली निघून गेलं. मागे नुसती भिंत उरली. मग धप्प आवाज आणि मशीनचं हसू. पाट झाला, बाज झाली, खुर्ची झाली, दर वेळी तेच. जमिनीवरून पडायची वेळ आली, तेव्हाही तोंड गेलं आणि भिंत राहिली.

कपाळ माझं! एवढी हाडं खिळखिळी करून घेतली, आणि वैनींना मिळालं काय, तर धप्प आणि हशा. जन्मभर घरात बसून ऐकलं तेच. तो टीव्ही उचलून रस्त्यावर फेकावा असं मला झालं.

वैनी जड जिभेने म्हणाल्या, "झालं वाटतं. पानी ठिवा कोनीतरी, यांची कंबर शेकायला."

अण्णा उठून उभे राहिले. "थांब. तुला दिसलंच न्हाई. हे बघ." मी अडवेपर्यंत ते उभेच्या उभे मागे कोसळले. धप्प वाजलं, आणि ते पडून राहिले.

"आधी हास," छताकडे बघत म्हणाले, "मंग उठतो."

मला हसता आलं नाही. वैनींनी आपला धड हात बाजेखाली सोडला, पण तो अण्णांपर्यंत पोचत नव्हता. त्यांचे डोळे वाहत होते.

"लागलं ना हो? उठा आता. हासले मी. बघा, हासले."

"खोटं," अण्णा म्हणाले.

मी त्यांना उठवायला वाकलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. आता त्यांना उठताही येत नव्हतं, हे मला दिसत होतं. मी आत गेलो आणि चुलीवर पाणी ठेवलं.