दोन झाकणं द्राक्षासव

रेणुकादास गुरुजींना चिडायला कारण लागत नसे, आणि नाशिकच्या डोंगरात त्या दिवशी तर कारणं रांग लावून उभी होती. एसीनं कान गारठलेले, चहा पांचट, रस्ता नुसता वळणांचा. सगळ्याचा जाब ते पुढच्या सीटवरून मागे बसलेल्या इंदूताईंना विचारत होते. हा घाट जणू बायकोनंच बांधला होता.

इंदूताईंच्या शेजारी लेक मालविका जीव मुठीत धरून बसली होती. लातूरला मायक्रोबायोलॉजी शिकून पोरीनं इकडं नोकरी धरली, ती वाइनच्या कारखान्यात. हे बापाला सांगायची कुणाची छाती होती? गुरुजी नांदेडच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. टपरीवर कुणाच्या हातात विडी दिसली तरी तिथंच उभं राहून भाषण देणारा माणूस. म्हणून ती म्हणाली होती, ‘बाबा, मी द्राक्षासव बनवते.’ द्राक्षासवावर गुरुजींची भारी श्रद्धा. रोज जेवणानंतर दोन झाकणं आणि तेवढंच कोमट पाणी, हा नेम त्यांनी पोटच्या पोरीच्या बारशालाही मोडला नव्हता. परवानगी मिळाली, पण अट घालून. कारखाना ते स्वतः पाहणार, आणि नाही पटला तर मालविकानं सामान बांधून नांदेडला यायचं आणि निमूट बी.एड. करायचं.

आदल्या दिवशी गुरुजी आले आणि जेवण होताच बोंब झाली, की औषधाची बाटली घरीच राहिली. मालविकानं घाबरत घाबरत स्वतःच्या हातची रेड वाइन झाकणात ओतून दिली. गुरुजी खूश. सकाळी उठले ते नांदेडच्या वैद्यांना फोनवर झापतच, की इतकी वर्षं आम्हाला पाणी पाजलंत. मग मंडळाचे उपाध्यक्ष उमाशंकर यांना फोन. पोरगी काय द्राक्षासव बनवून राहिली, झोप कशी गाढ लागली, सगळं सविस्तर. गाडी डोंगराला लागेपर्यंत अख्ख्या मंडळानं बाटल्या सांगून ठेवल्या. त्यातल्या निम्म्यांना पोटाची काही तक्रारही नव्हती.

“आता इथले सगळेच कारखाने दाखव,” गुरुजी म्हणाले. “चार ठिकाणी बघितल्याशिवाय मी मत देत न्हाई.”

मालविकानं गुपचूप मेसेज धाडून सगळीकडच्या ओळखीच्यांना विनवलं, की काहीही बोला, पण ‘तो’ शब्द काढू नका. पाट्यांवर इंग्रजीत ‘व्हिनयार्ड’ होतं, त्याचा गुरुजींनी आपल्यापुरता ‘द्राक्षमळा’ करून घेतला.

पहिल्या ठिकाणी त्यांचं डोकं झाकणावरून फिरलं. बाटलीला झाकण नाही, नुसतं बूच. “बुचानं औषध मोजतात का?” त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं. मात्रा कुठं लिहिली आहे, उपाशीपोटी का देता, हेही विचारलं आणि कोमट पाणी मागितलं. त्या बिचाऱ्यानं डोळे मिटून कारखान्यातल्या सगळ्यात महाग वाइनमध्ये कोमट पाणी ओतलं.

दुसऱ्या ठिकाणी पुण्याची मंडळी ग्लास गोलगोल फिरवत वास घेत होती. गुरुजींना राहवेना. औषध हलवायचं ते बाटलीत, ग्लास हलवून काय होणार, असं त्यांनी त्या मंडळींना वर्गात सांगावं तसं सांगितलं. मंडळी हसली. त्यांनी गुरुजींबरोबर फोटोही काढून घेतला. आजारी माणसं एवढी हसतात कशी, हे काही गुरुजींना उमगलं नाही आणि ते आणखी चिडले.

तिसरा कारखाना मालविकाचा. तळघरात लाकडी पिंपं ओळीनं मांडलेली. वर्षभर रस मुरावा लागतो, पुन्हा पुन्हा चव बघावी लागते, जरा दुर्लक्ष झालं की सगळं आंबट, असं ती सांगत होती. गुरुजी मान डोलवत होते. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. इंदूताईंनी मनातल्या मनात माहूरच्या देवीला ओटी बोलली.

तेवढ्यात मालक सर्वेश आत आले. ते सकाळीच परदेशातून उतरलेले, त्यांना मालविकाचा निरोप कुठून असणार? त्यांनी गुरुजींचा हात हातात घेतला. “काका, नशीबवान आहात. मालविकासारखा वाइनमेकर आमच्याकडे दुसरा नाही.”

गुरुजींनी हात सोडवून घेतला. मग जे सुरू झालं ते पिंपंसुद्धा हादरतील असं होतं. घराण्याचं नाव बुडालं, मंडळाचं बुडालं, देवीच्या नावावरून ठेवलेलं त्यांचं स्वतःचं नावही बुडालं. वाइन म्हणजे दारू नव्हे, असं सर्वेश समजवायला गेले, तर गुरुजींनी त्यांनाही धुऊन काढलं. मालविका रडायला लागली.

“रडू नको. सामान बांध.”

“आधी माझं ऐका,” इंदूताई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण राग गुरुजींच्या रागाच्या वरचा होता. “काल तुम्ही औषध म्हणून घेतली ती हिच्या हातची वाइनच होती. दोन झाकणं घेतलीत, तिसरं मागून घेतलंत. चौथं मी दिलं न्हाई म्हणून रुसून झोपलात.”

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. फोन उमाशंकर यांचा, आणि गुरुजींना कमी ऐकू येत असल्यानं आवाज सगळ्या तळघराला ऐकू जात होता.

“गुरुजी, आज मंडळाच्या बैठकीत मालविकाच्या अभिनंदनाचा ठराव घेतला. सर्वानुमते. माझ्या दोन बाटल्या तेवढ्या विसरू नका.”

गुरुजींनी लेकीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, मग पिंपाकडं पाहिलं.

“माल न्हाई,” ते खेकसले. “मुरून राहिला. वर्ष लागतंय. न्हाई, पोरगी नांदेडला येत न्हाई. तिलाच बघावं लागतं, दुसऱ्याला जमत न्हाई.” आणि फोन बंद केला.

“बाबा, म्हणजे मी…”

“बोलू नको माझ्याशी. वर्षभर बोलू नको.”

परतीच्या गाडीत गुरुजी पुन्हा पुढच्याच सीटवर. घाट उतरून झाला तेव्हा गुरुजी मागं न बघता इंदूताईंना रागानंच म्हणाले,

“आता आज जेवल्यावर मी घ्यायचं तरी काय?”