शेवटचं पान आधी

आमच्या मुलीचं, उमाचं लग्न झालं, ती गोंदियाला गेली, आणि आमच्या बालाघाटच्या घरात बोलण्यासारखं काही उरलंच नाही. मी कचेरीतून यायचो, ही, म्हणजे माझी बायको पुष्पलता, भात वाढायची, मी जेवायचो, ही ताट उचलायची. (मांजरसुद्धा कंटाळून शेजारी राहायला गेलं.) ही बोलायची ती शेजारच्या विमलाबाईंशी, आणि तेही कादंबरीबद्दल. मराठी मंडळात नागपूरहून नवी कादंबरी आली होती, गावात एकच प्रत, आणि पहिला नंबर हिचा. लवकर संपू नये म्हणून ही रोज दुपारी थोडी थोडीच वाचायची. मागे विमलाबाईंसकट निम्म्या बायका नंबर लावून बसल्या होत्या.

त्या गप्पांत आपणही शिरावं असं मला वाटलं. खरं सांगतो, फार एकटं वाटत होतं हो. म्हणून मंडळाचे सेक्रेटरी दादाजी यांनी ‘सध्या काय वाचता?’ असा कार्यक्रम ठरवल्याबरोबर मी नाव देऊन टाकलं.

आता, आम्हा कारकुनांचं वाचन म्हणजे फाईल. ती पहिल्या कागदापासून कोण वाचतो? शेवटची टिपणी बघायची, साहेबांचा हुकूम बघायचा, की प्रकरण कळलं. (उभ्या नोकरीत मी एकही प्रकरण सुरुवातीपासून वाचलेलं नाही, सरकारचं काही अडलं नाही.) त्याच शिस्तीत, ही आंघोळीला गेलेली पाहून, मी कादंबरीचं शेवटचं पान वाचलं आणि संध्याकाळी सभेत उभा राहिलो.

“फार हृदयद्रावक! शेवटी बिचारी नायिका क्षयानं मरते!”

टाळ्या काही पडल्या नाहीत.

“माय वं, मेली?” विमलाबाई ओरडल्या. “मले तं अजून पुस्तक भेटलं बी नाही!”

“दादाजी, माहं नाव काटा,” पुढे बसलेल्या दुर्गाबाई म्हणाल्या. “रडाले घरीच बहुत आहे.”

एकेक करून सगळ्यांनी नावं काढून घेतली. घरी आल्यावर ही एवढंच म्हणाली, “काहून सांगतलं तुम्ही? दिवसभरातली तेवढीच तं एक गोष्ट होती मले.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आठवडाभर घरात फक्त भांड्यांचा आवाज. मागे कोणी उरलं नाही म्हणून हिनं पुस्तक निवांत संपवलं, आणि एक दिवस जेवताना आपणहून बोलली.

“ते शेवटचं पान नव्हतं. मागं पुढच्या कादंबरीची जाहिरात छापली आहे, ते वाचलं तुम्ही.”

(म्हणजे जी गावात अजून आलीच नाही, तिच्यातलीही बाई मी मारून ठेवली होती.)

“मंग या कादंबरीचा शेवट कसा आहे?” मी हळूच विचारलं.

“लय गोड. नवरा संन्यास घेऊन जंगलात निघून जाते. बायको सुखानं राह्यते मंग.”

कित्येक दिवसांनी ही माझ्याकडे बघून हसली. मला भरून आलं. तिनं आणखी थोडा भात वाढला, वर तूपही वाढलं, आणि फार आपुलकीनं विचारलं,

“काहो, तुमच्या हापिसातून बिरस्याच्या जंगलात बदली मागता येते का?”